मलिकेचं खानदान

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. पण नवऱ्याला लिहायच्या पत्राला दुसरी सुरुवात मला कुणी शिकवलीच नाही. तुम्हांला जाऊन तीन वर्षं झाली, एक ओळ लिहावीशी वाटली नाही. काल सकाळी तुमची मलिका गेली. तुमच्याच खुर्चीत, झोपेत. आता या घरात तुमचं म्हणावं असं जिवंत काही उरलं नाही, म्हणून मनातलं एकदाचं लिहून टाकते.

तिला मुंबईहून आणलीत तो दिवस आठवतो? मेधानं गजाननशी लग्न केलं त्याला महिनाही झाला नव्हता. पोरगी गेली आणि तुम्ही तिच्या खोलीत मांजर आणून ठेवलंत! पर्शियन. सोबत पाच पिढ्यांच्या वंशावळीचा कागद. तो फ्रेम करून तुम्ही वकिलीच्या सनदेशेजारी टांगलात. येईल त्याला ऐकवायचात, "मूळ इराणचं रक्त आहे. तिथून प्रवाशांनी विलायतेत नेलं. राजेरजवाड्यांच्या मांडीवर बसणारी जात ही!" ओट्यावर बसलेले खेड्यातले अशील बिचारे माना डोलवायचे. आपली फाइल कधी उघडणार, एवढंच त्यांना हवं असायचं.

आणि दिसायला काय होती हो? पिंजलेल्या कापसाचा ढीग, त्यात दोन तांबूस डोळे, आखूड पाय, आणि नाक तर दारात चेंगरल्यासारखं. डोळ्यांतून सदा पाणी. रोज अर्धा तास केस विंचरा, नाहीतर गाठी. ते कोण करायचं? मी! तुम्ही फक्त कुरवाळायचात.

"स्वभाव बघ," म्हणायचात. "आवाज नाही, हट्ट नाही, ठेवली तिथे बसते. याला म्हणतात खानदान." समोरून उंदीर गेला तरी ती नुसती बघायची. बायको आणि मुलगी तुम्हांला अशीच हवी होती. बायको तशी मिळाली. मुलगी नाही.

गजाननात काय कमी होतं? नांदगाव खंडेश्वरला गुरांचा डॉक्टर. पण बाप मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेच्या रुळांवर गँगमन! "कुठलं घराणं, कुठली माणसं," म्हणालात, आणि मेधाला फाटकाच्या आत पाय ठेवायची बंदी केलीत.

मग तो मे महिना. दिवसदिवस वीज नसायची. कूलर बंद पडला आणि मलिका तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. तुम्ही कोर्टात. मी घाबरून मेधाला फोन लावला. त्या वर्षी नांदगावच्या बाजारात वैरण नाही म्हणून लोक बैल विकायला आणत होते, गजानन पहाटेपासून तिथेच उभा होता. तरी दुपारी मिळेल ती एसटी पकडून दोघं आली. मेधा कशाला आली? मला बघायला. बाहेरूनच.

गजाननानं फरशीवर बसून मलिकेला ओल्या फडक्यात गुंडाळलं, मग कात्रीनं सगळे केस उतरवले. "आई, हिले ऊन लागलं," म्हणाला. "एवढं मोठं कांबळं पांघरून हे अमरावतीच्या उन्हात जगन कशी? अन् नाक पाहा. पयले असं नोतं ते. मंग लोकायले चपटं तोंड आवडलं, म्हून तसेच तसेच जोडे लावत गेले. आता हिले धड दम घेता येत नाई."

तेवढ्यात तुम्ही आलात. "काय दशा केलीत हिची!" केवढ्यानं ओरडलात! मलिका तोवर उठून बसली होती.

"जीव वाचला, वकीलसाहेब. केस येतीन परत," गजानन म्हणाला.

त्यावर तुम्ही काय विचारलंत? "पाणी पितेय ना नीट?"

मेधा फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होती. सातवा महिना. आत येताना तुम्ही तिच्या अंगावरून आलात आणि मान वळवली नाहीत. मांजराच्या पाण्याची चौकशी करणारा बाप! थू त्या खानदानावर.

आणि मी? माठाशी उभी होते, भरलेला तांब्या हातात. तुम्ही बघत होतात, म्हणून तो बाहेर नेला नाही. गजानन पिशवी उचलून निघाला. तुमची कधीतरी कीव येते. स्वतःची तीसुद्धा येत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मेधा कडेवर लेक घेऊन आली, आणि फाटकापाशी थांबून विचारलं, "आई, आता आत येऊ का?" बापाच्या मयताला आलेली पोरगी परवानगी मागत होती! हे तुमचं कर्तृत्व.

त्यानंतर दर महिन्याला गजानन येऊन मलिकेचे केस कापून जायचा. कालही त्यानंच खड्डा खणला. मी विचारलं, "तुला हिचा राग नाही रे आला कधी?"

"तिनं काय केलं, आई?" तो म्हणाला. "तिनं कोठं मांगतला होता तो कागद?"

अहो, एवढं साधं तुम्हांला उभ्या जन्मात कळलं नाही.

सोमवारी मी नांदगावला राहायला जाते आहे, कायमची. नात पाच वर्षांची झाली. आजोबा कसे होते, म्हणून सारखी विचारते. आजवर "मोठे वकील होते" म्हणून वेळ मारून नेली. आता वचन देते, ती समजण्याजोगी झाली की खरं तेच सांगेन. तुमचं काही लपवणार नाही. माझंही नाही.

मेधाची आई