हँडलावरची काळी पट्टी

प्रिय पहिलवान,

तुझी सायकल काल खोक्यात भरून रवाना केली. रविवारी नव्या ऑफिसच्या मंडळींबरोबर डोंगर उतरायचा म्हणतोस, त्याआधी पोचेल. दिवा आणि वेगाचा मीटर दोन्ही बसवून दिलेत. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही, असं फोनवर म्हणालास तेव्हा मला हसूच आलं. जिच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही तिला स्क्रू आवळायला लावणारा नवरा शोधून सापडायचा नाही. पण केलं हो, डाव्या हातानं केलं. अख्खी दुपार गेली आणि दोनदा पाना पायावर पडला.

कसं केलं तेही ऐक. आधी हँडल कोरड्या फडक्यानं पुसलं. दिव्याची पकड, म्हणजे क्लॅम्प, मधल्या जाड भागालाच लावला, बाजूला नळी निमुळती होते तिथे नाही. आत रबराची पट्टी घातली. मग किती आवळलं त्याचा आकडा दाखवणाऱ्या पान्यानं हळूहळू आवळलं आणि क्लॅम्पवर छापलेल्या कमाल आकड्याच्या अलीकडेच थांबले. जोरात ढकललं तर क्लॅम्प जरासा सरकतो. सरकू दे. सायकल पडली तर क्लॅम्पनं फिरावं, हँडलनं मोडू नये. हे कार्बनचं हँडल आहे, लोखंडाचा गज नव्हे, जास्त आवळलं की तडकतं, हे मी तुला त्या संध्याकाळीही सांगितलं होतं.

तुला मात्र जगातली प्रत्येक वस्तू पिळायची असते. बरणीचं झाकण तू लावलंस की उघडायला तूच लागतोस. नळ तू बंद केलास की सासूबाई बाथरूममधून तुझ्याच नावानं हाका मारतात. माझ्या लेकाच्या हातात जोर आहे, असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि मला ते गोड वाटायचं, काय बोलायचं आता. सायकल संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्या सायकलीला दिवा लावायला बसलास. मी आतल्या खोलीत बॅग भरत होते. कट् असा आवाज आला. काय झालं म्हणून विचारलं, तर पाना निसटला म्हणालास. बऱ्याच वेळानं मला बोलावलंस आणि दिवा धरून गदागदा हलवून दाखवलास. "बघ, आता हलणार नाही."

दिवा नाहीच हलला. चाचणीत उतारावर मी पहिल्या तिघींत होते, वळणावर ब्रेक दाबला आणि अर्धं हँडल हातात आलं. हॉस्पिटलात तू सगळ्यांना खड्डा असेल म्हणून सांगितलंस. मग तू माझी वेणी घातलीस, घास भरवलेस, माझ्या चपलांचे पट्टे लावलेस (तेही घट्ट). असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं नणंदबाई अजून म्हणतात. आणि मी मूर्ख, एकदा तुझ्या गळ्यात पडून रडले की माझंच वळण चुकलं असणार. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "जाऊ दे, स्वतःला दोष देऊ नकोस," म्हणालास.

ती मोडकी सायकल भंगारात दे म्हणून किती मागे लागला होतास! मी दिली नाही, माळ्यावर पडून होती. तू आता नवा क्लॅम्प आण म्हणालास; मी म्हटलं, त्या मोडक्या सायकलीवरचा जुना आहे की घरात. तो सोडवला, तर त्याच्याखाली हँडलाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. एकसारखी, सुरकुती नाही. हँडलाबरोबरच फाटलीय, म्हणजे मोडायच्या आधीची. तडा तुला दिसला होता. मी ओरडेन म्हणून घाबरलास ना? ओरडले असते रे. तासभर ओरडले असते, आणि मग कुणाची तरी सायकल मागून आणून चाचणीला गेले असते.

तुझ्या हँडलालाही क्लॅम्पखाली तशीच काळी पट्टी गुंडाळली आहे. तिच्याखाली काय आहे ते मी सांगणार नाही. सोडवून बघ हवं तर, पण कार्बन आतून गेलेला असला तरी वरून दिसेलच असं नाही. मी किती आवळलं ते वर लिहिलंय, खरं मानायचं तर मान. पाना निसटला असं तूही सांगितलं होतंस. नवं हँडल घेतलंस तर मंडळी विचारतील, बायकोनं एवढं मन लावून बसवून दिलेलं का बदललंस? त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. नाहीतर रविवारी बस सायकलवर आणि उतर डोंगर, मी उतरले होते तसा.

तुझीच,
डावखुरी