समस्त कोपरवासीयांतर्फे टे-रिनला

१० फेब्रुवारी, सकाळ

नवी वही. संकल्प: रोज पाच ओळी, जास्त नाही. मजकूर मोजका असावा, हे पाट्या-फ्लेक्सच्या धंद्यात मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय. कोणी ऐकत नाही.

घरात प्रॉब्लेम आहे. लेक श्रिया तीन दिवस ताटावर गप्प. उत्तराला विचारलं, ती म्हणाली, अहो, तिचं आणि डेल्फिनचं बोलणं बंद आहे. डेल्फिन म्हणजे ठाणे-कोपरीच्या जेरोमची मुलगी. दोघी अकरावीपासून ठाण्याच्या कॉलेजात एका बाकावर. भांडण कशावरून, तर एका कोरियन गाणारीवरून. मला हसू आलं. उत्तराला नाही आलं. म्हणाली, पोरगी बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तुमच्या त्या कानांना ऐकू येत नाही का?

येतं की. मला वाटलेलं पाणी भरतेय.

असो. मी दोन्ही पार्ट्यांचे फ्लेक्स एकाच मशीनवर छापतो आणि दोघांनाही वाटतं मी त्यांचाच माणूस. दोन पोरी म्हणजे काय! आठ दिवसांत मिटवणे.

१२ फेब्रुवारी

माहिती काढली. मी चोरून ऐकत नाही. कान तिखट आहेत, आणि श्रियाच्या खोलीची भिंत बिल्डरने पातळ बांधलीय, ह्यात माझा दोष नाही.

गाणारीचं नाव टे-रिन. वय तेवीस. पाच पोरींचा ग्रुप, नाव ग्लासबेल. ही समुद्राकाठच्या कुठल्याशा बारक्या गावची, बाप मासेमार. तेराव्या वर्षी एकटी सोलला आली. पाच वर्षं नुसती ट्रेनिंग. ग्रुपमध्ये घेतली ती पण पाचवी, मागच्या रांगेत, कोपऱ्यात. मग एका प्रोग्राममध्ये पुढचीचा माइक बंद पडला, हिने तिथूनच सूर उचलला, ती क्लिप जगभर फिरली आणि ही एकदम पुढे.

मी सत्त्याऐंशी साली एक ट्रंक घेऊन डोंबिवलीत आलेलो. ब्रशने दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फक्त बॅकग्राउंड. अक्षरं उस्ताद काढायचे. एक दिवस उस्ताद आजारी पडले.

म्हणजे पोरगी आपल्यातलीच आहे.

१५ फेब्रुवारी

भांडणाचं मूळ सापडलं. जानेवारीत टे-रिन लाइव्ह येऊन बोलली की दोन वर्षं ग्रुपमधलं कोणी माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. झालं. कंपनी म्हणते खोटं, ग्रुपची लीडर रडली, अर्धं जग हिच्या बाजूने, अर्धं लीडरच्या. श्रिया टे-रिनची. डेल्फिन लीडरची. त्यांचा सहा पोरींचा क्लब आहे, तोही तीन-तीन फुटला. २३ मार्चला टे-रिनचा वाढदिवस. दरवर्षी ह्या सहा जणी ठाण्याच्या एका कॅफेत केक कापतात आणि कॉफीच्या कपांना तिच्या फोटोची कागदी पट्टी गुंडाळतात. यंदा काही नाही.

सुधारित संकल्प: २३ मार्चला दोघींना एका टेबलावर बसवणार. आठ दिवसांची मुदत मी सहजच लिहिलेली.

२० फेब्रुवारी

जेरोमला फोन केला. समजूतदार माणूस, बँकेतून रिटायर, त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पहिली दहा मिनिटं उत्तम. पोरी येड्या आहेत ह्यावर एकमत. मग मी सहज बोललो की लेकराला दोन वर्षं एकटं जेवायला बसवायचं म्हणजे जरा अतीच. जेरोम म्हणाला, विश्राम, लीडरची पण साइड असते. पाच जणी पाच टायमाला येणार, तिने सगळ्यांसाठी थांबायचं काय? मी सेक्रेटरी आहे, मला ठाऊक आहे, काम करणारा एक आणि तक्रार करणारे चाळीस. मी म्हटलं, तुझ्या सोसायटीचा इथे काय संबंध? तो म्हणाला, तू कधी मीटिंगला पाच माणसं जमवलीयस काय? मी म्हटलं, मी एकट्याने धंदा उभा केलाय, मला मीटिंग लागत नाही. तो म्हणाला, तेच तर!

फोन त्याने ठेवला की मी, ह्यावर वाद होऊ शकतो.

आता जेरोमशी मीही बोलत नाही. पण बोलणी सुरू झाली, हे महत्त्वाचं.

२८ फेब्रुवारी

दुसरा मार्ग. श्रियाचा फोन चार्जिंगला होता. डेल्फिनला तिच्याकडून एक छोटासा मेसेज पाठवला. दोन गुलाब, एक उगवता सूर्य, खाली: मैत्री हे अनमोल नातं आहे, शुभ सकाळ.

अर्ध्या तासात पकडला गेलो. श्रिया किंचाळली, बाबा, मी आयुष्यात कोणाला शुभ सकाळ म्हटलंय का? डेल्फिनने उलट विचारलेलं की तुझा फोन हॅक झालाय का. म्हणजे तीन आठवड्यांनी पहिला मेसेज समोरून आला. हे श्रियाच्या लक्षातच येत नाही.

संकल्प: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. (पासवर्ड बदलला आहे.)

७ मार्च

मोठी बातमी. टे-रिन ग्रुपमधून बाहेर! आता अ‍ॅक्टिंग करणार. एक सीरियल गुपचूप शूट पण केलेली, आजच सोळा एपिसोड आले. मेडिकल स्टोअरवाल्याच्या हाताखालच्या पोरीचा रोल. लीड नाही. सुरुवात तिथूनच होते.

श्रिया डोळे पुसत बघत होती. मी खोलीत जाऊन बसलो, केवळ माहितीसाठी. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती माझ्याच्याने वाचून होत नाहीत, निम्मी वाचेस्तोवर जातात. श्रिया सांगत जाते. पहिल्या एपिसोडात टे-रिनला चार वाक्यं. चौथं वाक्य, घरी कोणी आहे का काळजी घ्यायला, असं एका म्हाताऱ्याला विचारते. डोळ्यात काहीतरी गेलं माझ्या. श्रियाच्या खोलीचा पंखा साफ करायला हवा.

ठरवलं: रोज एक एपिसोड, जेवणाआधी. मुलीच्या मनातलं कळायचं असेल तर शेजारी बसलं पाहिजे.

११ मार्च

चौथा एपिसोड. दुकानात स्वप्नाला गोष्ट सांगितली. स्वप्ना म्हणजे आमची डिझायनर, कॉम्प्युटरवर तिचा हात चालतो आणि तोंड त्याच्या पुढे. म्हणाली, सर, गेल्या आठवड्यात तुम्ही हिला गाणारी म्हणत होता, आता आमची टे-रिन म्हणताय. मी म्हटलं, मध्यस्थाला दोन्ही बाजू कळायला लागतात. ती म्हणाली, लीडरचे किती एपिसोड बघितले?

अगोचर आहे. पण काम चांगलं करते.

१४ मार्च, धुळवड

श्रिया दुपारी आली ती हिरवी-गुलाबी होऊन. कॉलेजच्या पोरी ठाण्याला जमलेल्या. खुशीत होती, तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. माझ्या प्रयत्नांचा परिणाम दिसू लागला आहे. अजून डेल्फिनशी बोलत नाही, पण मन निवळतंय. संध्याकाळी सातवा एपिसोड. तिनेच हाक मारली, बाबा येतोस ना रे?

१७ मार्च

श्रिया खोलीत फोनवर तासभर हसत होती. कोण होतं विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, एक मैत्रीण. बरं आहे, नवी मैत्रीण मिळाली. पण जुनी ती जुनी. मोहीम चालू ठेवणे.

अंतिम योजना तयार. वाढदिवसाचा फ्लेक्स! कोपरच्या माझ्या दुकानावर, बारा बाय आठ, कॅफेच्या तोंडात मारील असा. तो बघायला सहाच्या सहा जणी येणार आणि फ्लेक्सखाली दोघींची गाठ पडणार. माणसं फ्लेक्सखाली मिटतात, हे मी बघितलंय.

१९ मार्च

नमुना काढून श्रियाला दाखवला. पिवळी किरणं, मागे सिंह, टे-रिनच्या डोक्यावर मुकुट, खाली शुभेच्छुक म्हणून सहा पोरी, मी आणि रिक्षा स्टँडचे पाच जण, दोघे कानाला मोबाइल लावून. श्रियाने नमुना उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, बाबा, कोरियात असं नसतं रे. ते क्लासी असतं. साधं. एकच फोटो, तो पण बऱ्याचदा ब्लॅक अँड व्हाइट, आणि दोन ओळी. माझे कान टिपत होते.

साधं पाहिजे काय? साधं देतो. आश्चर्याचा धक्का देणार, आता दाखवणार नाही.

२१ मार्च

स्वप्नाशी वाद. तिला फोटो रंगीत हवा. म्हणाली, सर, असा फोटो आपण कुठल्या कामाला लावतो, जरा आठवा. मी म्हटलं, हे इंटरनॅशनल काम आहे, तुला कळायचं नाही. मजकूर स्वतः केला:

ग्रुप सोडून पुढच्या प्रवासाला एकटीच निघालेली आमची लाडकी टे-रिन. तुझी जागा कोणी घेऊ शकत नाही. २३ मार्च. समस्त कोपरवासी.

वाढदिवस असं मुद्दाम लिहिलं नाही. चाहत्यांना तारीख पाठ असते. क्लासी.

स्वप्नाने प्रिंट दिली आणि म्हणाली, सर, मी रविवारी येणार नाही.

२३ मार्च, रविवार, सकाळी ९

आठ वाजता फ्लेक्स लावला. राखाडी, गंभीर, देखणा. आमच्या बिल्डिंगचे आबा दूध घेऊन चाललेले, थबकले. टोपी काढली. टे-रिनचं नाव इथवर पोचलंय! विचारलं, कुठली रे पोर? म्हटलं, लांबची, पण आपलीच समजा. वय? म्हटलं, आज चोवीस. आबा म्हणाले, अरेरे, काय झालेलं? म्हटलं, ग्रुपमध्ये फार त्रास दिला, कोणी जेवायला बोलवायचं नाही, शेवटी गेली सोडून. आबांच्या डोळ्यात पाणी. म्हणाले, हल्ली फार वाढलंय हे.

किती हळवा माणूस.

सकाळी १०

हारवालीने स्वतःहून झेंडूचा हार आणून घातला. समोरच्या मिठाईवाल्याने गाणी बंद करून अर्धं शटर ओढलं. कोणीतरी खाली उदबत्ती लावलीय. कोरियन मुलीला एवढा मान! आपल्या भागातले भावी नगरसेवकही येऊन गेले, हात जोडून फोटो काढला, मोबाइलवर टाकलासुद्धा. म्हणाले, कुटुंबीयांना सांगा, आम्ही पाठीशी आहोत.

मग मला जरा शंका आली.

सकाळी ११.२०

श्रिया आणि डेल्फिन एकाच रिक्षातून उतरल्या. एकाच! लिहून ठेवतो, ११ वाजून २० मिनिटांनी मोहीम फत्ते.

दोघी फ्लेक्सकडे बघून ओरडल्या, तेही एकदम.

दुपारी ३

झालं असं की भावी नगरसेवकांचा फोटो क्लबच्या एका पोरीने बघितला, तिथून तो कुठल्या फॅन पेजवर गेला, आणि मलेशियात पोरी रडायला लागल्या. दोघी दुकानातल्या एका स्टुलावर बसून साडेतीन तास जगाला कळवत होत्या. डेल्फिन फोनवर कुणाला तरी पंचविसाव्यांदा सांगत होती की नाही गं, जिवंत आहे, पूर्ण जिवंत आहे, हे फक्त श्रियाचे बाबा आहेत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अंकल, माझे डॅडी म्हणतात, ह्यापेक्षा लीडर परवडली.

मी दोघींना उसाचा रस आणून दिला. एकीचा पेला दुसरी पीत होती. मला भरून आलं.

२४ मार्च

फ्लेक्स स्वतः शिडी लावून उतरवला. खालून जाणाऱ्या एकाने विचारलं, तेरावं कधी? म्हटलं, कळवतो.

संध्याकाळी श्रियाच्या खोलीत बसलो. जरा प्रस्तावना करून म्हटलं, बघ, मार्ग थोडा वाकडा होता, पण बाबांनी सांगितलेल्या तारखेला दोघींना एकत्र आणलं की नाही? श्रिया म्हणाली, बाबा, आम्ही धुळवडीलाच बोललो रे. डेल्फिनने मागून येऊन डोक्यावर रंग ओतला, दोघी रडलो, संपलं. तेव्हापासून रोज फोन चालू आहे.

म्हणजे दहा दिवस. ह्या पातळ भिंतीच्या घरात.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती उशी कुरवाळत बसली. म्हणाली, भांडण मिटलं म्हटलं असतं तर तू परत यायचा बंद झाला असतास. दहावीनंतर पहिल्यांदा तू रोज माझ्या खोलीत बसत होतास.

मी म्हटलं, छे, मी फक्त माहिती काढायला येत होतो. ती म्हणाली, हो रे, माहीत आहे.

२५ मार्च

श्रियाची परीक्षा जवळ आली. म्हणाली, बाबा, आजपासून अभ्यास, शेवटचा एपिसोड तू हॉलमध्ये बघ. बसलो. खालची अक्षरं भराभर गेली. सांगायला शेजारी कोणी नाही. टे-रिन रेल्वे प्लॅटफॉर्मवर उभी होती, कोणाला सोडायला आलेली की स्वतः चाललेली, पत्ता लागला नाही. उत्तराला विचारलं, ती म्हणाली, मला काय माहीत, तुमचीच आहे ना ती?

खोलीतून श्रिया-डेल्फिनचं फोनवर बोलणं चाललेलं. अभ्यासाचं एक अक्षर नाही, नुसतं खिदळणं. मध्ये दोनदा माझा विषय निघाला.

टीव्हीचा आवाज बारीक केला.