बोलणारी डिस्क

४ नोव्हेंबर
गोरखभाऊंचा कॉम्प्युटर पुन्हा बंद! औंढ्याहून रिक्षात घालून स्वतः घेऊन आले. नुसता डबा, मॉनिटर घरीच. भाऊंना दिसत नाही. खंडाळ्याच्या हॉटेलात टेलिफोनवर असायचे, आता घरी बसून लिहितात. स्क्रीनवरचं सगळं एक प्रोग्राम मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यावर सगळं चालतं. काय लिहितात ते मात्र सांगत नाहीत. लिहिलेलं पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह खिशात.

म्हणाले, "पोरी, बंद पडलं की कुनाला तरी बोलवावं लागतं. त्यो मागं हुबा राहून वाचतो. शिष्टीम माझी मला परत टाकता येईल आसं काय तरी दे."

मी हो म्हणून मोकळी झाले. कसं करायचं ते कुठं ठाऊक आहे!

५ नोव्हेंबर
त्यांचं मशीन इतकं जुनं की पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही. म्हणजे डीव्हीडी आली. लिनक्स या फुकट सिस्टीमची तयार डिस्क उघडायची, तिच्यात आपले प्रोग्राम घालायचे, मग परत बांधायची. एकदा बांधली की संपलं, मग आत काही घालता येत नाही.

अब्बांच्या चिक्कीच्या दुकानात अर्धं काउंटर माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तिथं हे सगळं मांडलेलं बघून त्यांनी विचारलं, काय चाललंय? सांगितलं. "म्हणजे पाक थंड व्हायच्या आत दाणे टाकायचे." अगदी तेच!

८ नोव्हेंबर
शनिवार. चिक्कीला ही गर्दी, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही — बरंच झालं. गेम काढून टाकले, मराठी आवाज घातला. डिस्क तयार!

आणि मग डोक्याला हात. सिस्टीम टाकून झाली की बोलते, पण टाकताना ढिम्म. भाऊंना टाकतानाच तर बोलायला हवी! नूरबाई, परत कामाला लागा.

१० नोव्हेंबर
बोलली!! ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधून बसले. एकेक प्रश्न मराठीत विचारते, मी उत्तर देते, पुढे जाते. अब्बा गिऱ्हाइकाला म्हणाले, "लेक आंधळी कोशिंबीर खेळतेय." खेळू दे!

भाऊंची पुतणी मंगल बाजाराला आली होती. तिच्या हाती डबा आणि डिस्क दिली.

११ नोव्हेंबर
भाऊंचा फोन. "बोललंच न्हाई गं. पंखा फिरतोय, म्या कान लावून बसलो. लय येळ बसलो. म्हनलं, माझंच काय तरी चुकलं."

त्यांचं काय चुकणार! इथं बोलते, तिथं का नाही? वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर
सापडलं. सुरुवातीला स्क्रीनवर एक ओळ येते — एंटर दाबा. ती येते मुकाट्यानं, आणि थांबून राहते. मी न बघताच दाबत होते. डोळे बांधले, पण बोटांना सगळं पाठ! आणि भाऊ बिचारे तिच्या बोलण्याची वाट बघत बसलेले.

आता ती ओळ आली की टुंग वाजेल आणि डिस्क आपली आपण पुढे जाईल. नवीन डिस्क औंढ्याच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवली.

१४ नोव्हेंबर
"बोलली की गं! समदं माझ्या हातानं केलं!" भाऊ फोनवर ओरडतच होते. मीही ओरडले. अब्बा दचकले.

म्हटलं, रविवारी येते, सगळं नीट बसलंय का बघते. "कशाला? बरं, च्या प्यायला ये." खरं सांगायचं तर काय लिहितात ते बघायचं होतं. स्क्रीनवर एखादी ओळ तरी दिसेलच की.

१६ नोव्हेंबर
औंढ्याला जाऊन आले. भाऊ भराभरा टाइप करत होते. डब्याशेजारी मॉनिटरच्या जागी पाण्याचा तांब्या.

"मॉनिटर कुठंय, भाऊ?"

"मंगलला दिला. मला कशाला लागतुया? तुमी लोक यायचा म्हनून ठिवला व्हता."