पाठकोरा कागद

प्रिय चिंगे,

कागद जाड आहे आणि पाठकोरा आहे, चालवून घे. घरात दुसरा नव्हता असं नाही, मुद्दाम हाच घेतला. का ते शेवटी सांगते. तोवर पान उलटू नकोस.

सुतारकाम शिकायला तू घर सोडून गेलीस त्याला आठ महिने झाले. जाताना दारातून ओरडलीस, एवढी हौस आहे तर तूच दे की मेडिकलची परीक्षा! तुझे बाबा भडकले. मी आत निघून गेले, म्हणून तुला वाटलं असेल की मला लागलं. लागलंच होतं. पण त्याहून जास्त, पटलं होतं. दोन वर्षं तू त्या परीक्षेला बसलीस ती आमच्याच हौसेपायी. तू गेल्यावर तुझी पुस्तकं रद्दीत द्यायला बांधत होते, तर फिजिक्सचं वर आलं. माझ्या लेकीला रडवणारं असं आहे तरी काय यात, म्हणून उघडलं आणि फसले.

तर आता ऐक. सात महिने झाले, मी अभ्यास करते आहे. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरायला लावल्या की दहा मिनिटं मोकळी मिळतात. बावीस वर्षं त्या दहा मिनिटांत मी चहा प्यायले, आता गणितं सोडवते. वर्तुळाकार गतीचा तो धडा तुला छळायचा ना? माझ्यासमोर तोच धडा रोज गरगरत होता की! तांबड्या पेशी तळाशी जाऊन बसतात हे इतकी वर्षं बघितलं, का बसतात ते आत्ता कळलं. इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी क्लासला जाते. पोरं मला काकू म्हणतात. पहिल्या चाचणीआधी सगळ्यांना खात्री होती, बायोलॉजीत काकू बाजी मारणार. काकू आपटल्या. प्रश्न होता, बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन साधारण किती असतं? मी नऊवर खूण केली, उत्तर तेरा. मग सरांशी भांडले. म्हटलं, माझ्या खिडकीशी बावीस वर्षं बायका हात पुढे करतायत, तेरावाल्या बोटांवर मोजण्याएवढ्या भेटल्या. तुमच्या पुस्तकात लिहिलंय ते असायला हवं, असतं ते नाही. सर म्हणाले, परीक्षेत तेराच लिहा. लिहीन. पण डॉक्टर झाले की नऊ का, हे शोधून काढल्याशिवाय एकाही बाईला दारातून परत पाठवणार नाही. बघ, 'झाले की' लिहिलं, आणि लाजही वाटली नाही.

केमिस्ट्री मात्र अजून डोक्यावरून जाते. त्या संयुगांची नावं म्हणजे लग्नातले पाहुणे, चेहरा ओळखीचा पण नाव काही केल्या आठवत नाही.

तुझ्या बाबांना वाटतं, हे सगळं मी तुला लाजवून परत आणायला करते आहे. गेल्या आठवड्यात ते यंदाच्या परीक्षेचा अर्ज घेऊन आले. तुझं नाव, जन्मतारीख, जुना फोटो, सगळं आपल्या वळणदार अक्षरात भरून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, पत्रातून पाठव, तू सांगितलंस तर ती सही करेल.

आणि ते खरं आहे, चिंगे. मी सांगितलं असतं तर रडत का होईना, तू तिसऱ्यांदाही बसली असतीस. म्हणून तर हे पत्र. आता उलट पान. तुझा फोटो दिसेल, नाव दिसेल, सहीची रिकामी चौकट दिसेल. हा तोच अर्ज आहे. त्याची पाठ मी पार खालपर्यंत भरली, म्हणजे तो कुठेच द्यायच्या लायकीचा राहायला नको. शाई पलीकडे उमटली असेल तर फारच छान. बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे, ओरडू देत. माझा अर्ज कालच स्वतः नेऊन दिला. तू तिकडे तुझं पहिलं टेबल पुरं कर. मला ते अभ्यासाला लागणारच आहे.

तुझीच, तुझ्याहून हट्टी,
आई