‘मामा’ हा शब्द दुरुस्त करून मिळण्याबाबत

दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. पीठासन अधिकारी,
बालहित न्यायपीठ, फिरती बैठक, दौंड

अर्जदार : पार्वतीबाई म्हाळू रणपिसे, वय ६८, रा. न्हावरे, ता. शिरूर (मुलांच्या बाजूने सुनावणीस उभी राहणारी स्वयंसेविका)

विषय : अर्जदाराच्या अहवालातील ‘मामा’ हा शब्द भलत्याच माणसाला लागल्याने, नऊ वर्षांच्या बालिकेचा मंगळवारी द्यावयाचा ताबा थांबविण्याबाबत.

संदर्भ : आपला दि. १२ नोव्हेंबर २०२५ चा आदेश.

महोदय,

१. सदर बालिका (नाव लिहिण्यास मनाई असल्याने लिहिलेले नाही) सप्टेंबरात यवतच्या एसटी स्टँडवर एकटी सापडली. आई दोन वर्षांपूर्वी वारली, बापाचा पत्ता नाही. डाव्या दंडावर भाजल्याची खूण होती. आपल्या आदेशाने ती बालगृहात राहिली आणि तिच्या वतीने बोलण्याचे काम अर्जदाराकडे आले.

२. अर्जदार चौपन्नाव्या वर्षी अक्षर ओळखायला शिकली. आजवरचे अहवाल ती तोंडी सांगे आणि नात गौतमी लिहून देई. हा अहवाल तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिला. प्रशिक्षणात बजावले होते की मुलाचे शब्द बदलायचे नाहीत. म्हणून मुलगी बोलली तेवढेच लिहिले : “मामानं सांडशीचा चटका दिला. मला मामाची भीती वाटते. मला मामाकडं देऊ नका.” खाली सही केली. एकही काना-मात्रा चुकलेली नाही. चूक शुद्धलेखनाची नाही, हे आरंभीच नमूद करते.

३. यवतजवळ हमरस्त्याला हौसराव नावाच्या इसमाचे चहाचे हॉटेल आहे. आईमागे बालिका तिथे कपबशा धूत असे. त्या इसमाला अख्खा रस्ता ‘मामा’ म्हणतो. ट्रकवाले म्हणतात, कंडक्टर म्हणतात. एसटी बदलताना अर्जदारानेही “मामा, एक कट चहा द्या” असे कैकदा म्हटले आहे. मुलगी ‘मामा’ म्हणाली तेव्हा अर्जदाराच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहिला. दुसरा कोणी मामा असू शकतो हे तिच्या मनातही आले नाही. कागदाला मात्र हॉटेल ठाऊक नव्हते.

४. बालिकेचा सख्खा मामा ज्ञानदेव न्हावऱ्यात राहतो. तो व त्याची बायको रंभा मुलीला घरी नेण्यासाठी पहिल्या तारखेपासून आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून आहेत. अहवाल वाचून त्याला भेटबंदी झाली. बालिका त्याला मामा म्हणत नाही, ‘दादा’ म्हणते, कारण तिची आई त्याला दादा म्हणायची. सुनावणीत आपण विचारले, “मामाकडे जायचे का?” तिने मान हलवून नकार दिला. “मग कोणाकडे?” ती म्हणाली, “दादाकडं.” आदेशात नोंद आहे की बालिकेस भाऊ नाही, सबब ‘दादा’ या नावाचा नातेवाईक आढळून येत नाही.

५. हौसराव मुलीची शाळेची पिशवी घेऊन आपल्यापुढे ‘शेजारी, व्यवसाय शेती’ म्हणून हजर झाला. त्याच्याविरुद्ध अहवालात काहीही नाही, म्हणून ताबा त्याला मंजूर झाला. अहवालात हौसराव हे नाव खरोखरच नाही. आहे तो फक्त मामा.

६. अर्जदाराने आदेशाच्या दिवशीच दुरुस्ती मागितली. सही झालेल्या अहवालात खाडाखोड चालत नाही, नवा अहवाल पुढच्या तारखेला द्या, असे टेबलावर सांगण्यात आले. पुढची तारीख ९ डिसेंबर. ताबा २५ नोव्हेंबरला.

७. हौसराव हाच मामा असल्याचा पुरावा आणा, असेही सांगण्यात आले. अर्जदार त्याच्या गावच्या ग्रामसेवकाकडे गेली. ते म्हणाले, “आजी, मामा असल्याचा दाखला नात्यावर देतात, हाक मारण्यावर न्हाई.” पुष्कळ विनवल्यावर त्यांनी नात्यापुरते लिहून दिले की सदर इसम बालिकेचे मामा नाहीत. अर्जदाराने तो कागद वाचला, पण घाईने जोडला. आता हौसराव निर्दोष असल्याचा तोच पुरावा म्हणून फाइलला लागला आहे. आपल्या दारातला शिपाई अर्जदाराला म्हणाला, “मामाचा चहा व्हय? आमी बी तिथंच थांबतो की!” तेवढेच लिहून द्या म्हटल्यावर तो म्हणाला, “बोललो ते बोललो, आज्जी. लिहायला लावू नका.”

८. अहवाल लिहून झाल्यावर अर्जदाराने मुलीला सांगितले होते, आता तुला मामाकडे कोणी धाडणार नाही. तिने विचारले, “लिहिलं म्हंजी पक्कं ना?” अर्जदार हो म्हणाली. आदेश झाल्यापासून अर्जदार तीनदा बालगृहाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली आहे.

९. ताबा पावतीवर स्वयंसेविकेची सही लागते. अर्जदार ती सही करणार नाही. सही न केल्यास ‘स्वयंसेविका अनुपस्थित’ असा शेरा मारून मुलगी दिली जाईल, असे तिला समजावून सांगण्यात आले आहे. म्हणून ती हजर राहील, आणि सही करणार नाही.

१०. सबब विनंती की ताबा ९ डिसेंबरपर्यंत थांबवावा. तेही नियमात बसत नसेल तर मंगळवारी हौसराव व ज्ञानदेव या दोघांना एकाच खोलीत उभे करावे, आणि मुलीला आत आणावे. तिला काही विचारू नये. मामा म्हणू नये, दादा म्हणू नये, कोणाचे नाव घेऊ नये. ती कोणाच्या पाठीमागे जाऊन लपते एवढेच आपण स्वतः पाहावे, आणि ते आपल्या हाताने लिहावे. अर्जदाराच्या हातच्या लिहिण्यावर आता मुलीचा विश्वास राहणार नाही.

मंगळवारी सकाळी दहापासून आपल्या दारात बसून राहणारी,

(सही)
पार्वतीबाई म्हाळू रणपिसे

सोबत :
१) तीन ओळींच्या अहवालाची प्रत (‘मामा’ शब्दाखाली आज रेघ मारली आहे, मूळ प्रतीवर नाही)
२) ग्रामसेवकाचा दाखला (तो खरा आहे, तरी त्यावर विश्वास ठेवू नये, ही विनंती)