कृत्तिका आणि बाबांचे डोळे

भातकुली, कार्तिक वद्य अष्टमी

पुनवेला अंगणातून बाबांना कृत्तिकांचा पुंजका दिसला नाही. "माये डोये गेले. आता कापूस तूच पारख," म्हणाले. चंद्र अगदी शेजारी, शिवाय कापसाच्या गाड्यांची धूळ. चांदण्या दिसणार कशा? पण ऐकतील तर ना. तेव्हापासून त्यांनी कापसाला हात लावला नाही, आणि व्यापारी तर रोज दारात.

आज चंद्र उशिरा उगवणार, म्हणून दिवेलागणीनंतर त्यांना गाडीवाटेपासून लांब, मळ्यात नेलं. पूर्वेकडे पाहत त्यांनी बोटांवर मोजल्या. "साहाच्या साहा हायेत. तुले दिसून राहिल्या ना?"

"हो," म्हणालो. का म्हणालो?

उद्यापासून कापूस तेच पारखतील. बरं झालं. मला कृत्तिकांच्या जागी नुसता पिंजलेल्या कापसाचा बोळा दिसला.