दिवस बुडण्यापूर्वीचे जेवण

निपाणी,
ता. १५ मे १९३८

प्रिय तारा,

जयजिनेंद्र. तुझे पत्र पोहोचले. मालू तुझ्या मुलांत रमली आहे आणि वेळेवर जेवते, हे वाचून समाधान वाटले. जूनपासून तिला बेळगावच्याच शाळेत घालावे व तिने कायमचे तुझ्याजवळ राहावे, ही तुझी सूचना विचार करण्याजोगी आहे. उत्तरास विलंब झाला, त्याचे कारण वखारीतील कामाची गर्दी, असे लिहिणार होतो. ते संपूर्ण खरे नाही.

उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम, हे तू जाणतेस. बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू झोडतात, चाळतात. ऊन उतरले की व्यापारी येतात आणि वजने तेव्हा सुरू होतात. मुलांना सुटी असते नेमक्या त्याच दिवसांत बाप घरी नसतो, अशी ही नोकरी. तुझी वहिनी होती तोवर मला याची अडचण कधी जाणवली नाही. दिवस मावळल्यावर आपल्याकडे अन्नाला हात लावायचा नाही; म्हणून राजमती त्याआधीच मालूचे बोट धरून डबा घेऊन येई. वखारीमागच्या चिंचेखाली मी हातपाय धुऊन बसे. माझ्या कपड्यांवरच्या धुळीने मालू शिंकू लागली, की राजमती म्हणे, "लांब सर गं, तुझ्या आप्पांना हंगाम चढलाय!" कामावरच्या बायका हसत. मला चारचौघांत हसणे जमत नसल्याने मी मान खाली घालून जेवत असे.

कार्तिकात राजमती वारल्यावर मी सारी व्यवस्था लावली. मी सकाळी एकदाच जेवावे आणि मालूला स्वयंपाकाच्या जयाबाईने दिवस असतानाच वाढावे, असे ठरले. व्यवस्था चोख होती. चैत्रात पाहुणे आले असता त्यांपैकी एकाने दिवेलागणीनंतर मालूपुढे लाडू धरला. तिने मान हलवली. मी सर्वांसमक्ष म्हणालो, "आईची लेक शोभतेस." इतके मायेचे वाक्य मी तिच्याशी त्यापूर्वी बोललो नव्हतो.

पुढे एकदा व्यापाऱ्याची मोटार वाटेत बंद पडली, म्हणून मी लवकर सुटलो आणि सूर्य नुकताच बुडालेला असताना घरी पोहोचलो. मालू उंबऱ्यावर बसली होती. आत ताट झाकलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग आकाशाकडे, आणि म्हणाली, "आज थोडक्यात चुकलं, आप्पा." मला अर्थ कळेना. तो जयाबाईने सांगितला. "रोज असंच हाय जी. 'आप्पा आल्यावर' म्हणून बसती, आन् दिवस बुडाला की 'आता न्हाय चालत' म्हणती. तुमास्नी सांगू नको म्हणून शपथ घातलीया. लई हट्टी हाय, मी तरी काय करू?"

नऊ वर्षांची मुलगी, तारा. दिवसा माझी वाट पाहायची आणि रात्री माझ्या शब्दाला जपायचे. या दोहोंमध्ये तिचे जेवण राहून जात होते. शाळेला सुटी लागताच मी तिला वखारीतील माझ्या हाताखालच्या आप्पाण्णाबरोबर तुझ्याकडे पाठवले. तेव्हा तुला "हवापालट" असे लिहिले होते.

त्यानंतर मी भुजबली शेटजींकडे गेलो आणि वजने दिवसा उरकावीत अशी विनंती केली. ते हसले. "अहो बीए, व्यापारी काय तुमच्या ताटाकडं बघून येत्यात व्हय? ऊन बघून येत्यात ते!" त्यांचे बोलणे अयोग्य नव्हते, वखार त्यांची आहे. तेव्हा मी म्हटले, संध्याकाळची वजने आणि माझे कारभारीपणही आप्पाण्णाने सांभाळावे. मी पहाटे येऊन माल उतरवून घेण्याचे काम पाहीन. शेटजी गंभीर झाले. "एवढं कॉलेज शिकून आप्पाण्णाच्या हाताखाली? लोक काय म्हणत्याल?" मी म्हणालो, निपाणीचे लोक मुख्यत्वे तंबाखूविषयीच बोलतात. त्यांनी ते मान्य केले.

गेल्या सोमवारपासून मी ऊन असतानाच घरी येतो. जयाबाई वाढते, समोर कोणी नसते. उन्हाळ्याने भूक मंदावते, असे मी तिला सांगतो. ती भरलेले ताट तसेच उचलते.

मालूला परत पाठव, असे लिहिण्यासाठी मी हे पत्र घेऊन बसलो. बाप या नात्याने मला तो अधिकार आहे. परंतु हुकूम केला तर ती निमूट येईल, आणि मी एकटा आहे असे कळले तर धावत येईल. या दोन्ही तऱ्हांनी तिने येऊ नये. आप्पा आता दिवस असतानाच घरी येतात, एवढेच तिला सांग आणि कुठे राहायचे ते तिलाच विचार. ती बेळगाव म्हणाली, तर तिचे नाव तिकडच्या शाळेत घाल. मी शब्दाने तक्रार करणार नाही. निपाणी म्हणाली, तर कळव. तिला आणायला मी स्वतः येईन. आप्पा संध्याकाळी जेवतात का, हे ती तुला विचारल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा "जेवतात" म्हणून सांग. तुला खोटे बोलावे लागू नये, म्हणून कालपासून मी जेवू लागलो आहे.

तुझाच,
अण्णा